गुंतासुराची हार

"धोटा जरा वाकडा बसव," कारागीर दगा म्हणाला. "राक्षस आहे मी, नवरदेव नाही."

चेतनने दगाच्या कपाळावरचा धोटा वाकडा केला. चेतन हा शेठचा भाचा. शेठच्या यंत्रमागांच्या खात्यातल्या साड्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटायचं एक कॉमिक तो काढायचा. त्यातला नायक चमकवीर म्हणजे तो स्वतःच. निदान नाक तरी त्याचंच होतं. गुंतासुर हा त्यातला अगदी किरकोळ खलनायक. दोन पानं धागे गुंतवायचे आणि तिसऱ्या पानावर मार खायचा, एवढंच त्याचं काम. बाकीच्या खलनायकांकडे किरणं होती, याच्याकडे गाठी. खांद्यांवर धाग्याचे कोन, पाठीवर गुंतलेल्या सुताचा झगा आणि शिंग म्हणून संच्याचा, म्हणजे मागाचा, धोटा.

सुरतेतल्या उधन्याच्या त्या खात्यात विश्वकर्मा पूजेला चमकवीराचा खेळ व्हायचा होता. गुंतासुराचं सोंग घ्यायला दगा आपण होऊन पुढे आला, आणि तेच कुणाला पचलं नव्हतं.

खात्याच्या मागच्या दाराला शेठने कुलूप घातलं होतं. कापडाचे ताके चोरीला जातात म्हणून. मध्यंतरी संच्याखालच्या कचऱ्याने पेट घेतला तेव्हा सगळे पुढच्या एकाच दारावर कोसळले, आणि निंबा नावाच्या कारागिराचा हात कोपरापर्यंत भाजला. मागचं दार उघडं ठेवा, असं त्याच्या सोबतच्या काशिनाथने शेठला सांगितलं. शेठने त्यालाच घरी बसवलं. मग कारागिरांनी फोनवर ग्रुप केला, तर त्यातलं अक्षर न् अक्षर शेठकडे पोचलं. दोघं चहाला उभे राहिले की शेठचा हिशेबनीस मेहताजी तिसरा येऊन उभा राही.

सगळ्यांनी एकदम संचे बंद केले तर शेठ नमतील, हे सगळ्यांना कळत होतं. एकट्याने बंद केला तर आपलाही काशिनाथ होईल, हेही कळत होतं. पण एकदम म्हणजे कधी? दिवसपाळी आणि रातपाळी एकत्र बसत वर्षातून एकदाच, पूजेला, आणि तिथे शेठ पुढच्याच खुर्चीत असत.

आता बोलेल तर दगाच बोलेल, अशी सगळ्यांची आशा होती. आणि दगा तर सोंग घेऊन उभा.

"तुले काही लाज शे का?" लिंबायत वस्तीतल्या घरी साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता उषाबाईने नवऱ्याला विचारलं. "काशिनाथभाऊ घर बसेल शे, आन् तू शेठपुढे नाचशी?"

"नाचसू," दगा म्हणाला. "पोरे हासतीन."

दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात नुसती भाकरी होती.

तालमीत दगाने जेमतेम दोन वाक्यं म्हटली आणि शेठचे कान टवकारले.

"दगाभाई, विलन को डायलॉग नहीं. माइक चेतन के पास रहेगा. तुम खाली हाथ हिलाओ, मंत्र-बंत्र मारो."

"जैसा आप बोलो, शेठ."

पूजेच्या दिवशी मंडप गच्च भरला. गुंतासुर आला तशी पोरं किंचाळली. तो अंगठा ओठांशी नेई, मग दोन्ही तळहात झटक्यात खाली पाडी, मग मूठ पुढे करून मनगट फिरवी आणि हात फाकवी. त्याचा मंत्र म्हणे तो. चेतन माइकवर ओरडत होता, "या दुष्टाच्या जादूपासून तुम्हाला कोण वाचवणार?" बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेठ तर पोट धरून हसत होते. मागे बसलेले कारागीर तेवढे गप्प होते. आपल्या माणसाची फजिती बघवत नाही बिचाऱ्यांना, असं मेहताजीने शेठच्या कानात सांगितलं.

"वन्स मोअर!" शेठ टाळ्या पिटत ओरडले. "दगाभाई, मंत्र फिर से!"

गुंतासुराने मंत्र पुन्हा मारला, आधीपेक्षा सावकाश. मग चमकवीराने त्याला त्याच्याच सुतात गुंडाळून आपटलं. शेठने स्वतः उठून हरलेल्या खलनायकाच्या गळ्यात हार घातला. उषाबाई मात्र नवऱ्याकडे न बघता घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संचे नेहमीसारखे सुरू झाले. चहा आला, कप रिकामे झाले आणि सगळं खातं एकदम शांत झालं.

लाइट गेली असेल, असं शेठना वाटलं. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. ते धावत बाहेर आले. झाडून सगळे कारागीर आपापल्या संच्यापाशी हाताची घडी घालून उभे होते. फाटकात रातपाळीवाले होते, खरं तर ते या वेळी झोपलेले असायचे, आणि त्यांच्यात काशिनाथ. शेठ ओरडले, धमक्या देऊन झाल्या. कुणी हललं नाही. माल न्यायला आलेली गाडी बाहेर खोळंबली होती, बाजारातून फोनावर फोन येत होते.

अखेर शेठने किल्ली फेकली. मागचं दार करकरत उघडलं, वारा आत आला, आणि निंबाने भाजलेला हात उंचावून अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबले. काशिनाथ आपल्या संच्यावर जाऊन उभा राहिला. दगाला आनंदाने रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"कोई कोईनी साथे बोल्युं नथी, शेठ," कुणी कुणाशी बोललंच नाही, अशी मेहताजी पुन्हा पुन्हा शपथ घेत होता. संचे पुन्हा धडाडू लागले होते. शेठ दगापुढे जाऊन ओरडले, "सबको बोला किसने? कब बोला?"

संच्यांच्या आवाजात दगाला काही ऐकू आलं नाही. तिथे कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. त्याने सवयीने हातांनीच "काय?" विचारलं. पार पलीकडच्या टोकाला उभ्या निंबाने तिथूनच अंगठा ओठांशी नेऊन त्याला चहाचं विचारलं, दगाने हातांनीच उत्तर दिलं, आणि सगळी रांग खदखदून हसली. शेठ त्या हातांकडे बघत राहिले. काल याच हातांना त्यांनी पुढच्या खुर्चीत बसून वन्स मोअर दिला होता.