जावयाची चप्पल

थोरलीचा पहिला धोंडा होता, त्या वर्षीची गोष्ट. आमचे हे दर पावसाळ्याआधी घरातले नळ खोलून वायसर बदलायचे, तेही जुन्या रबरी चपलेतून कापलेले. जावई येणार म्हणून मी जुन्या चपला माळ्यावर टाकल्या होत्या.

जेवून, चांदीचं ताट घेऊन जावई निघाले. दारात चप्पल पायात घातली आणि खाली वाकले. टाचेच्या जागी बोराएवढं भोक होतं.

“मामा, ही नवी होती.”

“म्हणूनच रबर चांगलं निघालं,” हे म्हणाले. “मोरीतला नळ बघा, जावईबापू. थेंब नाही.”

मुलीचं तोंड उतरलं. जावई रुसले तर दिवाळीपर्यंत तिचं माहेर बंद होणार होतं. जावयांनी मोरीत जाऊन नळ दोनदा सोडला, दोनदा बंद केला. मग दुसरी चप्पलही काढून यांच्या हातात दिली.

“आमचाही गळतो. एक कापून द्या.”

त्यानंतर जावई कधीही आले तरी चपला पिशवीत घालून उशाशी ठेवायचे. आता दाराबाहेर काढतात. आमचे हे गेल्या वर्षी माघ वद्य पंचमीला वारले.