चार ओळी

डॉ. जेबाने फवारणीच्या विषबाधेवर लिहिलेल्या शोधनिबंधाचा संदर्भ आजवर जगात चारशे बारा संशोधकांनी दिला होता.

फुलसावंगीहून मैनाबाई तिला भेटायला यवतमाळला आली. "भरपाईच्या ऑफिसात म्हणतात, तुह्या नवऱ्याले विषबाधा झालीच नाही. दवाखान्यातले कागद गहाळ झाले. ताई, तुमच्या लेखात आहे ना तो?"

जेबाने तक्ता उघडला. पंचेचाळीस वर्षांचे, तिसऱ्या दिवशी दगावलेले पुरुष चार होते.

"यातला माहा कोणता?"

"नावांची यादी आम्ही नियमाप्रमाणे नष्ट केली, मावशी."

मैनाबाई त्या चार ओळींवरून बोट फिरवत राहिली.

"मीच म्हटलं होतं तुमाले, त्याचं नाव कुठं येऊ देऊ नका. लोकं म्हणतील, फवारताना कायचा, औषध पेऊनच मेला."