घरचं पाणी

"एक जरी रोप वाळलं, तरी उद्यापासून कामावर येऊ नकोस," असा साहेबांनी बागेच्या माळ्याला दम भरला, आणि नेमका त्याच आठवड्यात बागेचा पाण्याचा टँकर यायचा बंद झाला. रोपं चाळीस, ऊन मी म्हणतंय, आणि बोअरला टिपूस नाही. शेवटी घरच्या नळाला दिवसाआड येणारं पाणी माळी सायकलला बादल्या अडकवून बागेत वाहू लागला.

तीन आठवड्यांत घराची पार रया गेली. पोरांची अंघोळ तांब्यावर आली, धुणं कोपऱ्यात साठत गेलं. "पुढच्या जन्मी मलाही बागेतच लावा, निदान पाणी तरी मिळेल," असं बायको फणकारली, आणि पिंप खरवडून शेवटची बादली तिनेच भरून दिली.

आज साहेब पाहणीला आले, आणि त्यांच्या मागोमाग टँकरही फाटकात शिरला. माळ्याच्या जिवात जीव आला.

चाळीसच्या चाळीस रोपं हिरवीगार बघून साहेब चाटच पडले. "टँकर तर बंद होता! पाणी कुठून आणलंस रे?"

माळ्याने हात जोडले. "घरचं घातलं, साहेब. पोरांच्या तोंडचं काढून. आता घरात प्यायलासुद्धा थेंब नाही."

साहेबांनी कौतुकाने त्याची पाठ थोपटली आणि टँकरवाल्याला हाक मारली.

"अरे, इथे नको, पुढच्या बागेत ने! तिथल्या माळ्याचं घर लांब आहे."