मेतोखीहून वीस मिनिटं

"सामान मागे ठेवा!" नावाडी पांतेलिस ओरडला. "इद्रा बेटावर गाड्या नाहीत हो. खेचर मिळेल, नाहीतर पाय आहेतच."

फोतिसने सामान ठेवलं नाही. याकोवोसची बॅग मांडीवर घेऊनच तो बसला.

याकोवोस त्याचा जहाजावरचा सोबती. बारा दिवसांपूर्वी भर समुद्रात गेला. झोपेतच. "त्याच्या आईला फोनवर कोणी सांगणार नाही," कप्तान म्हणाला होता. "तू जा, समोर बसून सांग." इद्रासमोरच्या किनाऱ्यावर, मेतोखीच्या धक्क्यापर्यंत येताना फोतिसने तेवढं एकच वाक्य पाठ केलं होतं.

होडी सुटली. पाणी इतकं निवांत होतं, की होडी पुढे जातेय की बेटच हळूहळू जवळ येतंय, कळत नव्हतं. ऊन पांढरं, मऊ. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

शेजारच्या म्हातारीने बदामाचा लाडू पुढे केला. "घे बाळा. जहाजावरचा दिसतोस."

"हो, मावशी."

"माझा याकोवोसही जहाजावरच असतो."

फोतिसच्या हातात लाडू तसाच राहिला. तेच कपाळ, तेच बारीक डोळे. ही आर्गिरो, याकोवोसची आई. जिला सांगायचं, तीच.

आत्ता सांगावं? या उन्हात? बेटावर पोचल्यावर सांगू, त्याने ठरवलं.

"तुम्हा पोरांना धड जेवायला मिळतं का रे?"

"मिळतं की. माझा एक मित्र आहे, तो माझ्या ताटातलंही खातो. वर जेवताना गातो."

"बरं गातो?"

"छे! इतका बेसूर, की स्वयंपाकी पळी घेऊन मागे लागतो."

म्हातारी पदराआड हसावं तशी हातरुमालाआड हसली. "अजून सांग."

फोतिस सांगत गेला. मित्र वादळात पत्ते खेळतो. बंदर आलं की आधी आईसाठी काहीतरी घेतो, मग स्वतःला मोजे. सांगता सांगता त्यालाच वाटायला लागलं, की याकोवोस खाली इंजिनापाशी आहे, हाक मारली की वर येईल. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

होडी धक्क्याला लागली. खेचरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. फोतिसने तिला हात देऊन उतरवलं. 

"मावशी, मला तुम्हाला काही—"

"राहू दे, फोतिस," ती म्हणाली. त्याने नाव सांगितलंच नव्हतं. "जहाजाच्या ऑफिसातून काल फोन आला होता. तू येणार आहेस, हेही कळलं. वीस मिनिटं तरी माझा पोर 'आहे' असा कोणाच्या तोंडून ऐकावा, म्हणून सकाळच्या पहिल्या होडीने मीच पलीकडे मेतोखीला जाऊन तुझी वाट बघत बसले होते."