पाझर

विद्याधरने रुमाल नाकावर दाबला आणि मोकळ्या हाताने खूण केली. चंपाने बादली खड्ड्यात उपडी केली.

त्याने पुडीतली तांबूस भुकटी पाण्यात टाकली. बघता बघता पाणी पोपटी झालं.

"रंगपंचमी खेळायला आलाय काय गं हा?" ओट्यावरून म्हातारीने विचारलं.

"आत्या, गप ना," चंपा म्हणाली.

"हा रंग मातीतून खालच्या विहिरीत उतरतो का, ते बघायचंय," विद्याधर रुमालाआडून म्हणाला. "रंग उतरला, तर संडासाची घाणही उतरणार."

मुलुंडच्या डोंगराला टेकलेल्या या वस्तीपर्यंत गटाराची लाइन आलेली नव्हती. संडास हवा तर सेप्टिक टँक आणि शोषखड्डा, आणि त्याला जमीन योग्य असल्याचा महापालिकेच्या इंजिनिअरचा, म्हणजे विद्याधरचा, दाखला. तोवर सगळ्या बायका पहाटे वरच्या झुडपांत जायच्या. चंपाची सून पोटुशी होती, तीही जायची. गेल्या महिन्यात तिला तिथे बिबट्या दिसला होता. तेव्हापासून चंपा काठी घेऊन तिच्यासोबत जायची.

खड्ड्याची जागा त्या झुडपांच्या वाटेवरच होती. येताना विद्याधरचा बूट कशावर तरी घसरला होता. तो बूट दगडाला घासत राहिला. घाण शिवणीत शिरली होती, ती निघेना.

"चहा टाकलाय, साहेब."

"नको. मी बाहेरचं काही घेत नाही."

त्याने पिशवीतून स्टीलची बाटली काढली. शुभाचा, त्याच्या बायकोचा, नळाच्या पाण्यावर विश्वास नव्हता. घरी विकतच्या पाण्याचे जार यायचे. बाहेर जाताना ती त्यातलंच पाणी भरून द्यायची.

"घरचं पाणी?" चंपाने विचारलं.

"हो."

"आमच्या हातचं चालत नसेल," म्हातारी म्हणाली.

विद्याधरने झाकण उघडून दोन घोट घेतले.

आठवड्याने तो पुन्हा आला. गल्लीच्या तोंडाशी ताडपत्री बांधलेला टेम्पो आडवा उभा होता. विद्याधरला भिंतीला घासून पुढे सरकावं लागलं. भिंत बुळबुळीत होती. शर्टाला काय लागलं ते त्याने बघितलं नाही.

विहिरीवर तो वाकला आणि त्याने रुमाल पुन्हा नाकावर दाबला. प्लास्टिकच्या पिशव्या, एक चप्पल, फुगलेली मेलेली घूस. आणि खालचं सगळं पाणी पोपटी.

"कधीपासून?"

"परवापासून," चंपा म्हणाली.

"मग संपलं. पिण्याच्या विहिरीच्या इतक्या जवळ टाकी पास होणार नाही."

"पिण्याची? ही?" चंपा हसलीच. मग तिचा चेहरा पडला. "साहेब, आमच्यातलं कुणी नाही हो पीत हे पाणी. आम्हाला म्युनिसिपाल्टीचा नळ आहे."

विद्याधरचा विश्वास बसला नाही. दाखल्यासाठी लोक वाटेल ते सांगतात, हे त्याने खूप पाहिलं होतं. तो घराघरांत शिरला. प्रत्येक उंबऱ्याशी त्याने पँट वर धरली. चंपाच्या घरी बुद्धाच्या तसबिरीखाली तांब्याची कळशी होती. तिने काचेच्या ग्लासात पाणी ओतून उजेडात धरलं. नितळ. शेजारच्या घरी नितळ. म्हातारीच्या घरीही नितळ.

"हिरवं नाही ना?" म्हातारी म्हणाली. "मग पी की."

तो मागे सरला. ग्लास तिच्याच हातात राहिला.

बाहेर कुंपणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये कसली तरी घरघर चालू होती. विहिरीतून एक जाड पाइप तिकडे गेला होता.

"तो पंप कुणाचा?"

"शेडवाल्याचा. गाड्या धुतो म्हणतो."

"नक्की?"

"आम्हाला कुठे आत सोडतो तो! गेटवर कुत्रा बांधलाय. नुसते ते ताडपत्रीचे टेम्पो आत-बाहेर करतात."

विद्याधरने वरच्या झुडपांकडे पाहिलं. नकार द्यायचा, तर टाकीसाठी दुसरी जागा शोधायची. पुन्हा खड्डे, पुन्हा ती वाट, पुन्हा तो वास. पाणी काय रंगाचं आहे याने गाड्यांना काही फरक पडत नाही.

त्याने उभ्यानेच लिहिलं: जमीन योग्य. विहिरीचं पाणी पिण्यासाठी वापरलं जात नाही. खाली सही केली.

चंपाचे डोळे भरून आले. "सुनेचं बाळंतपण तरी नीट होईल आता. जयभीम, साहेब."

त्याने मान हलवली. घशात अजून विहीर होती. बाटली तोंडाला लावून त्याने ती तळापर्यंत रिकामी केली, तेव्हा कुठे बरं वाटलं.

घरी आल्यावर त्याने बूट दाराबाहेरच टाकून दिले. अंघोळ केली, तरी वास येतोय असं वाटून पुन्हा केली.

"किती वेळ ते!" शुभा ताटं वाढत म्हणाली.

"विचारू नकोस. त्या विहिरीत एक घूस..."

"जेवताना नको हं."

तिने जारमधून काचेचा ग्लास भरला आणि त्याच्यासमोर ठेवता ठेवता ट्यूबलाइटकडे उंच धरला.

"अहो, हे पाणी जरा पोपटी दिसतंय का? सकाळी तुमची बाटली भरताना लक्षातच आलं नाही."