नारिंगी जोड

वर्तमानपत्रातला फोटो मास्तरांनी तिसऱ्यांदा पाहिला, कागदाची नीट घडी घातली आणि ती गळक्या नळाखाली ठेवून दिली. नळ गेले कित्येक दिवस गळत होता. त्याखाली काहीतरी ठेवायला हवंच होतं.

फोटोत नवी हसत होती; संग्रहालयात नव्याने लागलेल्या त्या पोरीला सगळे नवीच म्हणत. तिच्या हातात ताटाएवढा दगड होता आणि दगडात बेलेम्नाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला, माकुळाच्या जातीचा समुद्री प्राणी. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत दगड साफ करणारे त्याला नुसतं 'गोळी' म्हणत, कारण एरवी त्याचं शेपटाकडचं बंदुकीच्या गोळीसारखं टोक तेवढं सापडतं. मास्तरांनी एकतीस वर्षांत अशा हजारो गोळ्या खरवडल्या होत्या. नवीच्या दगडात मात्र गोळीच्या पुढे अख्खं अंग होतं. शाईची पिशवी होती, दहा हात होते आणि हातांवरचे बारीक आकडेही.

नवीला नोकरीला लागून नऊ महिने झाले होते. कालची पोर, आणि थेट वर्तमानपत्रात. मास्तरांच्या पोटात दुखत होतं, आणि कशाने दुखतंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कुठे मिळाला म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"तळघरात, मास्तर. टाकाऊच्या पेटीत."

"त्या पेट्या मी भरल्यात. त्यात नुसता कचरा आहे."

नवी काहीतरी बोलणार होती, पण तिने ओठ मिटून हसू दाबलं. "शुक्रवारी कळेलच," एवढंच म्हणाली. ते हसू मास्तरांना दिवसभर टोचत राहिलं.

शुक्रवारी दगड मोठ्या दालनात जायचा होता, काचेखाली, पितळी पाटीसकट. पाटीवर कोणाचं नाव, याचा नियम जुना होता. ज्याने त्या दगडावर पहिलं काम केलं, त्याचं. दालनात अशा चाळीसेक पाट्या होत्या आणि त्यांत मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. एक पाटी, बाकी त्यांना काही नको होतं.

घरी ते जेवणात नुसती बोटं फिरवत बसले. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

"त्या पोरीचं कौतुक घशात अडकलंय तुमच्या," ती म्हणाली. "पाणी प्या."

"इतका अख्खा प्राणी मिळतच नाही कधी."

"पण मिळाला ना?"

मास्तर पाणी प्यायले, आणि पिता पिता त्यांना एक गोष्ट सुचली. एका दगडातली गोळी, दुसऱ्या दगडातलं अंग, मध्ये जोड. दगड विकणाऱ्या लबाडांची ही जुनीच युक्ती. नवीला ती ठाऊक नसेल कशावरून?

जोड शोधणं मास्तरांच्या डाव्या हातचा मळ होता. मागच्या खोलीचा पहिल्यापासून दंडकच होता की तुटका दगड चिकटवताना सरसात आपापल्या रंगाची पूड मिसळायची. साध्या उजेडात ती दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकते, आणि कोणाचं काम ते लगेच कळतं. मास्तरांची पूड हिरवी. नोकरीत कायम होईपर्यंत प्रत्येक नवख्याला नारिंगी. "केल्या कामावर आपली खूण हवी," असं बजावत नवीच्या हातात नारिंगी डबी त्यांनीच ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी पडदे ओढले. दगड वाळूच्या ट्रेमध्ये पक्का बसवून ठेवलेला होता. मास्तरांनी दिवा लावला.

गोळी संपून अंग सुरू होतं, नेमकी तिथेच केसाएवढी रेघ होती. नारिंगी.

त्यांना वाईट वाटायला हवं होतं. पण झाला तो आनंदच. तिथेच बसून त्यांनी आपल्या डावीकडे कललेल्या अक्षरात तक्रारीचा अर्ज लिहिला आणि घडी घालून संचालकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला.

शुक्रवारी सकाळी दोघांना बोलावणं आलं. टेबलावर वाळूचा ट्रे होता, शेजारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी. संचालकबाईंनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"'नारिंगी जोड ज्याने केला, त्याने संग्रहालयाला फसवलं आहे. त्याचं नाव पाटीवर तर नकोच, हजेरीपटावरही राहू नये.' मास्तर, इतकं कडक?"

"लबाडीला दया कशाला, बाई?"

"जोड आम्ही भिंगाखाली पाहिला. दाण्याला दाणा जुळतोय. दगड एकच आहे, मधोमध तुटलेला."

"मग त्यावर काम केलं, हे तिने लपवलं का? बातमीत तर जोडाचं नावही नाही. लपवाछपवी हीसुद्धा लबाडीच."

नवीचा चेहरा उतरला होता. ते पाहून मास्तरांना आठवडाभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

"मास्तर, अर्ज मागे घ्या ना," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तुम्हाला आजच सांगणार होते."

"आता गयावया नको. खूण कोणाची ते दिव्याने सांगितलंय."

"विचार करून सांगा," संचालकबाई म्हणाल्या. "हा कागद वरपर्यंत जाईल."

"जाऊ दे. मी शब्द फिरवणारा माणूस नाही."

संचालकबाईंनी सुस्कारा सोडला. दोन्ही हातांनी दगड वाळूतून उचलला आणि उपडा केला. मागे एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची, मास्तर नोकरीला लागले त्या महिन्यातली. खाली, डावीकडे कललेल्या अक्षरात, लिहिलं होतं: 'साधी गोळी. दोन तुकडे झाले होते, जोडले. पुढच्या दगडात काही नाही. टाकाऊ.'

मग त्यांनी कागदात गुंडाळलेली पितळी पाटी सोडवून मास्तरांपुढे सरकवली. तिच्यावर एकच नाव कोरलेलं होतं, आणि ते नवीचं नव्हतं.