उताराची गोटी

जिल्ह्यातली सगळ्यात उंच जागा म्हणजे शेतातला एक उंचवटा निघाला. वर मोजणीचा दगड आणि चारी बाजूंनी पीक कापून नेलेलं मोकळं रान.

"एवढ्यासाठी बायको जन्मभर मागे लागली होती होय," फरशीवाला म्हणाला. ती गेल्यापासून त्याला हसू येत नव्हतं, रडूही नाही. आज त्याच्या ताईनेच त्याला हाताला धरून गाडीत बसवलं होतं.

सवयीने त्याने खिशातली काचेची गोटी काढली. न्हाणीची फरशी बसवून झाली की उतार बघायला तो दाराशी बसून गोटी सोडायचा आणि बायको मोरीच्या तोंडाशी बसायची. गोटी तिरकी आली की ती मुकाट्याने परत ढकलायची. सरळ आली की मुठीत धरून म्हणायची, "झालं, चल आता."

त्याने दगडाजवळच्या कडक मातीवर गोटी सोडली. ती उताराच्या फुगवट्याआड गेली, आणि थोड्या वेळाने चढ चढून त्याच्या पायाशी येऊन थांबली.

"वारा असेल," ताई म्हणाली.

वारा नव्हता. खाली माणूस सोडा, झुडूपही नव्हतं.

गोटी कोमट होती. भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. त्याने ती पुन्हा, या वेळी नीट नेम धरून सोडली.

ती आली नाही.

तो उठला, काम संपल्यासारखे गुडघे झटकले आणि खाली उतरू लागला. ताईने धावत येऊन त्याचा दंड धरला.

"जाऊ नकोस रे," ती म्हणाली. "मीही ऐकलं तिला."